गोठ्यांतील वही : म्हशींचा माज, वेत व रोग यांविषयीं कांहीं विचार

दुभत्या म्हशींच्या धंद्यांत नुकसान कोठें होतें, असें विचारलें असतां बहुतेक शेतकरी बंधु पेंडीचा भाव, दुधाचा दर व पाऊस ह्या तीन गोष्टी सांगतात. ह्या तिन्ही खऱ्या आहेत, व तिन्हींवर आपला इलाज चालत नाहीं हेंहि खरें आहे. परंतु चौथी एक गोष्ट आपल्या गोठ्याच्या आंतच घडते. तिचा आकडा कोणी मांडीत नाहीं, आणि तिचा इलाज शाळकरी मुलाच्या एका वहींत होण्यासारखा आहे. ती गोष्ट म्हणजे म्हशीचे फुकट गेलेले दिवस होत. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य मुलकी खात्यांत पाहणीपत्रकें व फेरफाराच्या नोंदी लिहिण्यांत गेलें. सबब वहीविषयीं त्यास अंमळ अधिक प्रेम असावें असें वाचकांनीं मनांत आणिलें तर त्यांस दोष देतां येणार नाहीं. तथापि पुढील हिशेब वाचून मग काय तो निवाडा करावा, अशी विनंति आहे.

गाय सुमारें २८० दिवस गाभण असते. म्हैस सुमारें ३१० दिवस. व्याल्यानंतर गर्भाशय पूर्वस्थितीस येण्यास महिना दीड महिना लागतो, व दोन ते तीन महिन्यांच्या आंत ती पुन्हां फळली तर दोन वेतांमधील अंतर साधारणतः १३ महिन्यांचें पडतें. म्हशीच्या दुभत्या आयुष्याचीं १० वर्षें धरलीं तर १३ महिन्यांच्या अंतरानें तिचीं ९ वेतें होतात. हेंच अंतर १८ महिन्यांवर गेलें कीं वेतें ६ होतात. म्हैस तीच, गोठा तोच, धार काढणारे हातहि तेच. परंतु तीन वेतांचें दूध व तीन रेडकीं कोठें गेलीं हें कोणास सांगतां येत नाहीं. शिवाय भाकड महिन्यांत तिला कडबा लागतोच. ज्याच्या दावणीस चार म्हशी आहेत त्यानें हा आकडा आपल्या गांवच्या दुधाच्या दरानें गुणून पाहावा. मीं माझ्या गोठ्यापुरता तो गुणून पाहिला, तेव्हां पेंडीच्या भावाची तक्रार करण्याचा माझा उत्साह बराच कमी झाला.

आतां हे दिवस फुकट जातात कसे, तें पाहूं. गाभण नसलेली निरोगी म्हैस सुमारें २१ दिवसांच्या अंतरानें माजावर येते, व माज साधारणतः १२ ते २४ तास टिकतो. एक माज हुकला म्हणजे तीन आठवडे गेले. तीन हुकले म्हणजे दोन महिने गेले. गाय माजावर आली कीं हंबरून, इतर जनावरांवर चढून सगळ्या वाडीस कळविते. म्हशीचें तसें नाहीं. तिचा माज पुष्कळदां मुका असतो, व तो रात्रीं किंवा पहाटेच्या थंडाव्यांत अधिक दिसतो. आपण दिवसा दहा वाजतां गोठ्यांत जाऊन पाहतों व ‘कांहीं नाहीं’ म्हणून परत येतों. म्हशीचा सोट गाईप्रमाणें लांब लोंबत राहत नाहीं. तो आंत सांचतो व ती बसली म्हणजे खालीं सांडतो. म्हणून पहाटे म्हैस उठविल्याबरोबर तिच्या बसल्या जागेची जमीन कंदिलानें म्हणा, विजेच्या दिव्यानें म्हणा, नीट पाहावी. काचेसारखा स्वच्छ व चिकट सोट पडलेला दिसला तर समजावें. ह्याखेरीज वरचेवर थोडें थोडें मुतणें, शेपूट किंचित् बाजूस धरणें, निरण सुजणें, वैरणीवर मन नसणें आणि एका धारेस दूध एकाएकीं कमी होणें हीं लक्षणें होत. ह्यांपैकीं शेवटचें लक्षण धार काढणाऱ्यास सर्वांआधीं कळतें, आणि आपल्याकडे धार बहुधा घरांतील बायका काढतात. मालक मात्र चावडीवर बसून म्हशीच्या माजाची वाट पाहत असतो! वहीचा पहिला नियम मीं ह्यावरून ठरविला: गोठ्यांत जो जातो त्यानेंच लिहावें. आमच्या घरीं सूनबाई तारीख सांगतात व नातीनें ती लिहावयाची, असा प्रघात पडला आहे. माझ्याकडे केवळ तपासणीचें काम उरलें आहे.

ऋतूचाहि ह्यांत मोठा वांटा असतो. दिवस लहान होऊं लागले म्हणजे म्हशींचा माज नियमानें दिसूं लागतो. भाद्रपद-आश्विनापासून माघापर्यंत त्या चांगल्या फळतात, व उन्हाळ्यांत पुष्कळशा बंद पडतात. काळें कातडें व घाम कमी, ह्यामुळें ऊन त्यांस सोसत नाहीं. सावली, दुपारीं दोनदां अंगावर पाणी, शक्य तेथें डुंबावयास जागा, आणि मूठभर का होईना हिरवी वैरण, इतकें मिळालें तर उन्हाळ्यांतहि कांहीं म्हशी माजावर येतात. रोज सुमारें ५० ग्रॅम क्षारमिश्रण व थोडें मीठ आंबोणांतून द्यावें. नुसत्या कडब्यावर ठेविलेली म्हैस माजावर आली नाहीं तर तिला ‘वांझ’ म्हणण्यापूर्वीं आपण तिच्यापुढें काय टाकलें तें आठवावें.

माज दिसल्यावर घाई करूं नये व आळसहि करूं नये. सकाळीं दिसला तर संध्याकाळीं, संध्याकाळीं दिसला तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं म्हैस भरवावी, हा नियम कृत्रिम रेतनास विशेषतः लागू आहे. व्याल्यावर महिन्याभरांत पहिला माज दिसला तर तो सोडून द्यावा, पण वहींत मात्र अवश्य लिहावा. कारण पुढील माजाचा दिवस त्यावरूनच काढतां येतो. २१ दिवस मोजून त्या तारखेवर खूण करून ठेवावी, व तिच्या आधींचे व नंतरचे दोन दोन दिवस डोळ्यांत तेल घालून पाहावें. ही वही कांहीं दिवसांनीं आपणहून बोलूं लागते. भरविलेली म्हैस बरोबर २१ दिवसांनीं उलटली तर गर्भ धरलाच नाहीं, किंवा धरून लागलीच गेला. दहा-अकरा दिवसांतच पुन्हां लक्षणें दिसलीं तर मागील वेळीं आपण माज नसतांनाच भरविली असा संशय घ्यावा. सुमारें ४२ दिवसांनीं दिसलीं तर मधला एक माज आपल्या नजरेंतून निसटला असेल, किंवा धरलेला गर्भ मध्यें जिरला असेल. सोट पांढुरका किंवा पुवासारखा असेल तर गर्भाशयांत दोष आहे. अशा वेळीं भरवूं नये, डॉक्टरास दाखवावी. तीनदां भरवूनहि उलटत असेल तर चौथ्यांदां पैसे घालण्यापूर्वीं तपासणी करवावी. आणि जी उलटली नाहीं ती गाभणच आहे, असेंहि गृहीत धरूं नये. मुक्या माजाची म्हैस उलटूनहि कळत नाहीं, व आपण सहा महिने गाभण समजून तिला पोसतों! भरविल्यापासून दोन ते तीन महिन्यांत हात घालून तपासणी करविली म्हणजे संशय राहत नाहीं.

रेड्याविषयीं दोन शब्द लिहिणें जरूर आहे. गांवांत एक रेडा वर्षानुवर्षें ठेवितात. तीन-चार वर्षांत त्याच्याच पारड्या माजावर येतात व त्या त्यालाच दाखविल्या जातात. जो मनुष्य सोयरीक जमवितांना सात पिढ्या पाहतो तो म्हशीच्या बाबतींत एक पिढीहि पाहत नाहीं, हें आश्चर्य होय. कृत्रिम रेतनानें ही अडचण दूर होते, परंतु ती नोंद ठेवणारासच. आपल्या देशांत कृत्रिम रेतनानें झालेलें म्हशीचें पहिलें रेडकूं १९४३ सालीं अलाहाबाद येथील शेतकी संस्थेंत जन्मलें. आज ही सोय खेड्यापाड्यांत आली आहे. रेत उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नत्रांत गोठवून ठेवितात व ३७ अंश उष्णतेच्या पाण्यांत सुमारें अर्धा मिनिट धरून वितळवितात. ज्या बारीक नळींत तें असतें तिच्यावर रेड्याचा क्रमांक छापलेला असतो. ती नळी फेकूं देऊं नये. क्रमांक वहींत उतरून घ्यावा. पुढें पारडी मोठी झाली म्हणजे तिला बापाचेंच रेत पडूं नये एवढ्यासाठीं तो उपयोगी पडतो.

जात कोणती ठेवावी, ह्यावर पुष्कळ वाद होतात. मुऱ्हा म्हैस दूध अधिक देते ह्यांत शंका नाहीं; पण तिचें खाणेंहि तसेंच आहे. सोलापूर, सांगली व कोल्हापूर ह्या भागांतील आपली पंढरपुरी म्हैस अंगानें मध्यम, तलवारीसारख्या लांब शिंगांची, कडब्यावर निभावणारी व वेळच्या वेळीं फळणारी आहे. तिचा हा शेवटचा गुण दुधाच्या भांड्यांत दिसत नाहीं, वेतांच्या अंतरांत दिसतो. जेथें बारमाही हिरवी वैरण आहे तेथें मुऱ्हा खुशाल ठेवावी; जेथें ज्वारीचा कडबा हाच आधार आहे तेथें पंढरपुरीस पंढरपुरीचेंच चांगलें रेत द्यावें, असें माझें मत आहे. हौसेनें दोहोंची भेसळ करून दोहोंचेहि गुण घालविलेलीं जनावरें मीं पाहिलीं आहेत.

व्यावयाच्या आधीं दोन महिने म्हैस आटवावी. व्याल्यावर वार पडेपर्यंत रेडकास पिऊं द्यावयाचें नाहीं, ही जुनी समजूत अजूनहि घरोघर आहे, व तिनें किती रेडकीं मारलीं असतील त्यास गणति नाहीं. पहिला चीक तास दोन तासांच्या आंत पोटांत गेला पाहिजे. रोगाशीं झगडण्याची शक्ति रेडकास त्यांतूनच मिळते, व जसजसा वेळ जातो तसतशी ती शोषून घेण्याची आंतड्यांची ताकद कमी होते. रेडकूं पिऊं लागल्यानें वार पडण्यासहि मदतच होते. सबंध दिवसांत वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक द्यावा, म्हणजे ३० किलोच्या रेडकास ३ लिटर. नाळेस आयोडीन लावावें. पोटांतील मोठे जंत आईच्या दुधांतूनच रेडकास येतात, म्हणून पहिल्या पंधरवड्यांतच डॉक्टरास विचारून जंताचें औषध द्यावें. लोंबणाऱ्या वारेस दगड किंवा जोडा बांधण्याची चाल आहे ती अगदीं टाकून द्यावी. बारा तासांत वार पडली नाहीं तर डॉक्टरास बोलवावें. रेडकूं मेलें म्हणजे म्हैस पान्हवत नाहीं. मग त्याचें कातडें भुशानें भरून पुढें ठेवणें आलें, किंवा त्याहून वाईट म्हणजे रोज पान्हा सोडण्याची सुई टोचणें आलें. हा सगळा खटाटोप पहिल्या दिवसाच्या दोन तासांत वांचविण्यासारखा असतो.

लसींसंबंधीं थोडक्यांत लिहितों, कारण तें सर्वांस ठाऊक आहे, जरी सर्व तें करीत नाहींत. घटसर्प म्हशींस विशेष घातक आहे. त्याची लस पावसाळ्यापूर्वीं द्यावी. लाळखुरकुताची दर सहा महिन्यांनीं द्यावी. लस टोचली कीं दूध चार दिवस कमी होतें, म्हणून टोचणारा आला कीं म्हशी रानांत हांकून देणारे लोक आहेत. त्यांस एवढेंच सांगावयाचें कीं आपल्या आज्यापणज्यांनीं बुळकांडीनें गोठेच्या गोठे रिकामे झालेले पाहिले होते. ह्या रोगांच्या अभ्यासासाठीं सरकारी प्रयोगशाळा १८८९ सालीं आपल्या पुण्यासच निघाली, पुढें १८९३ सालीं ती मुक्तेश्वर येथें नेली. आणि २०११ सालीं बुळकांडी साऱ्या जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. तें काम मुख्यत्वें लसीनेंच झालें.

आतां ज्या रोगासाठीं मीं हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतों. तो म्हणजे सांसर्गिक गर्भपात. ह्याचे जंतु डेव्हिड ब्रूस ह्या डॉक्टरानें माल्टा बेटांत १८८७ सालीं माणसांच्या तापाचा शोध करितांना हुडकून काढिले. जनावरांत हा रोग बाहेरून कांहींच दिसत नाहीं. म्हैस खाते, पिते, चकाकते. आणि गाभणपणाच्या उत्तरार्धांत, बहुधा सहाव्या महिन्यानंतर, एकाएकीं गाभडते. पडलेला गर्भ, वार व स्राव ह्यांत जंतु असंख्य असतात. त्यांनीं विटाळलेली वैरण व पाणी दुसऱ्या जनावरांच्या पोटांत गेलें कीं तींहि धरतात. एकदां गाभडलेली म्हैस पुढल्या खेपेस नीट विईलहि, पण रोग तिच्या अंगांत राहतो व दुधांतून उतरतो.

कांहीं वर्षांपूर्वीं मीं बाजारांतून एक तिसऱ्या वेताची, सात महिन्यांची गाभण म्हैस घेतली. शिंगें, कास, चाल सर्व पाहिलें. विकणारास मागील वेताची तारीख विचारली, ती त्यास सांगतां येईना. तेव्हांच मीं दावें सोडावयास पाहिजे होतें. तिसऱ्या आठवड्यांत रात्रीं ती गाभडली. मीं उघड्या हातांनीं सर्व काढून उकिरड्यावर टाकिलें. हातांस थंडीच्या चिरा होत्या. पुढें महिन्याभरानें मला रोज संध्याकाळीं ताप येऊं लागला. रात्रीं घामानें अंथरूण भिजे, कंबर व सांधे धरत. एका दवाखान्यांत दोन महिने दुसऱ्याच तापाचीं औषधें झालीं. कोणी मला ‘घरीं जनावरें आहेत काय’ असें विचारलें नाहीं, व मींहि सांगितलें नाहीं. ह्यांत दोष दोघांचा आहे. अखेर दुसरीकडे रक्त तपासलें तेव्हां उलगडा झाला. सहा आठवडे दोन प्रकारचीं औषधें घ्यावीं लागलीं.

म्हशीचें रक्त तपासलें, तेंहि तसेंच निघालें. तेव्हां एक शेजारी मोठ्या आपुलकीनें मला म्हणाले, “अण्णा, बोभाटा व्हायच्या आधीं येत्या बाजारीं न्या तिला. दिसायला तर राजस आहे. तुम्हांला तरी कोणी सांगून विकली होती?” त्यांचें बोलणें खोटें नव्हतें. माझ्या दावणीस ती ह्याच वाटेनें आली होती, व प्रत्येक गिऱ्हाईक असाच विचार करीत असल्यामुळें ती आणखी कोणाच्या दावणीस गेली असती. पैसे माझेहि गुंतले होते. दोन रात्री मला झोंप लागली नाहीं हें मोकळेपणानें लिहितों. म्हैस मीं विकली नाहीं. मळ्याच्या टोकास तिला वेगळें छप्पर केलें, पुन्हां भरविली नाहीं, तिचें दूध वापरलें नाहीं, आणि तिची किंमत बुडीत धरली. गोठ्यांतील दुसऱ्या दोघींचें रक्त तपासलें. एक निर्दोष निघाली, दुसरीविषयीं संशय होता, तो पुढील तपासणींत फिटला. उकिरडा उकरून चुना टाकून गाडावा लागला, आणि ज्या दोन घरीं आमचें दूध जात असे तेथें जाऊन हें सर्व सांगावें लागलें. हें शेवटचें काम सर्वांत कठीण गेलें. त्यांपैकीं एका घरानें दूध बंद केलें तें अद्याप बंदच आहे.

कोल्हापुराकडे म्हैस कट्ट्यावर उभी करून गिऱ्हाइकासमोर धार काढण्याची चाल प्रसिद्ध आहे, व तें धारोष्ण दूध पिणें ही तालमींतील मंडळींची मोठी आवड. ह्या आवडीवर कोणी टीका केलेली मलाहि पूर्वीं खपत नसे. आतां माझें म्हणणें इतकेंच आहे कीं ज्या म्हशीचें रक्त तपासलेलें नाहीं तिचें दूध उकळल्यावांचून पिऊं नये, मग ती दिवाळीच्या पाडव्याला शिंगें रंगवून मिरवणारी कां असेना.

गाभडलेल्या म्हशीजवळ जातांना हातमोजे घालावे. नसतील तर जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या मनगटापर्यंत बांधाव्या. गर्भ, वार व खालील भिजलेली वैरण खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावी. कुत्र्यांस नेऊं देऊं नये. गरोदर बाईनें त्या गोठ्यांत पाऊल टाकूं नये. म्हैस इतरांपासून वेगळी बांधून तिचें रक्त तपासण्यास द्यावें. ह्या रोगावर जनावरांत खात्रीचें औषध नाहीं, उपाय लसीचा. ती फक्त पारड्यांस, वयाच्या ४ ते ८ महिन्यांच्या दरम्यान, आयुष्यांत एकदांच देतात. नर रेडकांस व गाभण म्हशींस देत नाहींत. सप्टेंबर २०१९ पासून लाळखुरकूत व हा रोग ह्या दोहोंसाठीं सबंध देशांत सरकारी लसीकरणाचा कार्यक्रम चालू झाला, व जनावराच्या कानांत बारा आंकड्यांचा बिल्ला मारण्यांत येऊं लागला. पण पारडीचें चार ते आठ महिन्यांचें वय केव्हां आलें व केव्हां टळलें हें बिल्ला सांगत नाहीं. जन्माची तारीख लिहिलेली असली तरच तें कळतें.

माझ्या वहींत प्रत्येक म्हशीस एक पान आहे. वर कानांतील क्रमांक, कोठून आली तें व आईबाप माहीत असल्यास ते. खालीं एका ओळीस एक गोष्ट : तारीख, माज, भरविली, रेड्याचा क्रमांक, उलटली, तपासली, आटविली, व्याली, रेडकूं कोणतें, लस, दुखणें. शाई पुसूं नये व चुकलें तर खाडाखोड न करतां एक रेघ मारून पुढें लिहावें, हा दंडक मुलकी दप्तरांतून आणिला आहे. म्हैस विकली तर पानाची नक्कल घेणारास द्यावी, मग तींत ‘गाभडली’ असा शब्द असो वा नसो. व घेतांनाहि असें पान मागावें. आमच्या भागांत अद्याप तें कोणी देत नाहीं. गेल्या बाजारीं मीं एकास मागितलें तेव्हां तो हंसला. पण दुसऱ्यानें खिशांतून दूधसंस्थेच्या पावत्या काढून वेताच्या तारखा लावून दाखविल्या, व त्याची म्हैस मीं दोन हजार रुपये अधिक देऊन घेतली. तिच्या पारडीस या महिन्यांत पांचवा महिना लागला असून लसीची तारीख नातीनें वहींत लिहून ठेविली आहे.